काळ्या काठाचा कागद

आबाजी मास्तरांकडे जाऊन कुणी म्हणालं, "मास्तर, एक पत्र लिहून द्या ना," की मास्तरांचा पहिला प्रश्न असे, "कोणतं?"

आलेला माणूस बुचकळ्यात पडे. त्याच्या लेखी पत्र म्हणजे पत्र. वर खुशाली, मध्ये काम, खाली अंगठा. पण मास्तरांच्या लेखी पत्र नावाची एकच एक वस्तू जगात नव्हतीच. इंग्रजीत पत्राला डझनभर जुने शब्द आहेत आणि प्रत्येक शब्दाचं पत्र वेगळं, घडी वेगळी, बसायची पद्धतसुद्धा वेगळी, अशी त्यांची पक्की समजूत होती. "एपिसल म्हणजे जे लिहायच्या आधी माणूस आंघोळ करते," ते सांगत. "मिसिव्ह म्हणजे वरच्यानं खालच्याले धाडलेलं. ते वाचताना उभं राहा लागते. अन् बिलेट म्हणजे चिठ्ठीहून मोठं, पत्राहून लहान, घोड्यावर बसल्याबसल्या वाचता येईन एवढं." मग चष्म्यावरून समोरच्याकडे बघत. "आता सांग, यातलं तुले कोणतं पाहिजे?"

सुखदेव नावाचा एक शेतकरी एकदा खळ्याच्या जागेवरून तहसिलीत अर्ज द्यायचा म्हणून आला. अर्धा तास त्याने हे सगळं निमूट ऐकून घेतलं. मग उठून जोडे पायात घातले. म्हणाला, "मास्तर, मेहकर काही लय लांब नाही. मी पायीच जाऊन सांगून येतो." आणि खरंच गेला.

मी त्या काळात लोणारच्या पोस्टात डाकबाबू होतो. नागपूरचं सरकार आमच्या वऱ्हाडावर राज्य करत होतं आणि मी तिकिटांवर. सात वर्षं तिथे काढली. साहेबलोक लांबलांबून येत, सरोवराच्या काठावर उभे राहून वा वा करत आणि परत जात. मला त्या सरोवरापेक्षा पोस्टाच्या ओसरीवर जास्त करमणूक होती, कारण बाजारच्या दिवशी तिथे आबाजी मास्तर बसत. मिडल स्कुलातून पेन्शनीत निघालेले, उंच, हडकुळे, डोक्यावर रुमाल, मांडीवर पत्र्याची पेटी. लिहून देण्याबद्दल कुणाकडून काही घेत नसत. त्यांना फक्त ऐकणारा लागे, आणि तो पळून जाऊ नये म्हणून पत्र ते सर्वांत शेवटी लिहीत.

हे शब्द त्यांना मिळाले एका जुन्या कोशात. शाळेचं कपाट रिकामं करताना तो कचऱ्यात निघाला होता. वाळवीने जागोजाग खाल्लेला, पुठ्ठा गेलेला. मास्तरांनी तो घरी आणला, ऊन दाखवलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतला. पत्राशी नातं असलेला शब्द दिसला की शेजारी हळदीचं बोट लावत. "अर्धी हळद याईच्या पोथीतच गेली," काकू म्हणत. काकू म्हणजे त्यांची बायको. बुटक्या, गोऱ्या, आणि मास्तरांना जे जे कळत नसे ते सगळं कळणाऱ्या.

घरातही सुटका नव्हती. जुन्या इंग्रजी पत्रांत गेल्या महिन्याला अल्टिमो, चालू महिन्याला इन्स्टंट आणि येणाऱ्या महिन्याला प्रॉक्सिमो म्हणत. मास्तरांनी ते तिन्ही शब्द संसाराला लावले. "तूर अल्टिमोत भरली होती ना?" ते विचारत. काकू शांतपणे म्हणत, "हाव. अन् आता प्रॉक्सिमोपर्यंत वरण नाही." बिलेटचा एक चुलतभाऊ आहे, बिलेट-डू, म्हणजे प्रेमपत्र. शाळेत कुणी त्याचा अर्थ विचारला की मास्तर "पुढच्या वर्षी सांगीन" म्हणत, आणि पुढच्या वर्षी पोरं पास होऊन निघून जात.

एकदा मात्र त्यांच्या विद्येची झळ थेट मला लागली. विलायतेत पूर्वी पाकीट बंद करायला कणकेची पातळ टिकली वापरत, तिला वेफर म्हणत, हे कोशात वाचल्याबरोबर मास्तरांनी काकूंना तशा टिकल्या लाटायला बसवलं. काकूंनी हाताच्या सवयीने त्यात थोडा गूळ घातला. त्या आठवड्यात मास्तरांनी नऊ पाकिटं त्या टिकल्यांनी बंद करून माझ्या पेटीत टाकली. चौथ्या दिवशी मला वरून विचारणा आली, लोणारच्या थैलीत मुंग्या का होत्या याचा लेखी खुलासा करावा. मास्तर म्हणाले, "डाकबाबू, काळजी करू नका, खुलासा मी लिहून देतो." मी हात जोडले. नोकरी मला प्यारी होती.

कागदाची गोष्ट याच्या पुढची. बुलढाण्याचे एक मोठे साहेब विलायतेला परत चालले तेव्हा त्यांच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. मास्तर पेन्शनीच्या कामाने तिथे गेले होते. लोकांनी खुर्च्या घेतल्या, दिवे घेतले. एका पाटलाने साहेबाचा न्हायचा टब घेतला आणि पुढे कित्येक वर्षं त्यात म्हशीची सरकी भिजवली. मास्तर मात्र काखेत एक चपटं खोकं घेऊन परतले. आत जाड, गुळगुळीत, पांढराशुभ्र कागद, आणि चारी बाजूंनी बोटाच्या पेराएवढा काळा काठ. पाकिटंही तशीच.

"पाहा डाकबाबू," कागद उजेडात धरून ते म्हणाले, "धोतराले काठ असते, लुगड्याले काठ असते. मग कागदाले काऊन नसावा? ही खानदानी वस्तू आहे. साध्यासुध्या कामाले वापरायची नाही."

मीही बोट फिरवून पाहिलं आणि मान डोलावली. खोटं कशाला बोलू, मला तो कागद फार आवडला होता. आपल्याकडे वाईट बातमीचं कार्ड असलं की त्याचा कोपरा फाडतात आणि चांगल्या बातमीच्या कागदाला कुंकू लावतात, एवढं आम्हाला ठाऊक. या कागदाचे चारी कोपरे शाबूत होते. शंका यायला जागाच नव्हती. मास्तरांनी पहिला कागद मेहकरच्या एका वकिलांच्या मुलीच्या लग्नाचं अभिनंदन करायला वापरला. वकीलसाहेबांनी तो काचेच्या चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावला.

दुसरा कागद निघाला तो गोदूसाठी. गोदावरी मास्तरांच्या शेजारच्या घरात भावाकडे राहत असे. वय बावीस. सासर सोनाळ्याचं, जमीनजुमल्याचं. नवरा तापाने गेला त्याला तीन वर्षं झाली होती. मराठी सहावी पास, अक्षर माझ्याहून चांगलं. अमरावतीला मास्तरणी तयार करायच्या शाळेत जायचं तिच्या मनाने घेतलं होतं. त्यासाठी जिल्ह्याच्या साहेबाची शिफारस लागे. पण त्याच सुमारास तिचा दीर महादू सोनाळ्याहून आला आणि सांगून गेला, "महिन्याभरानं गाडी घेऊन येतो. वहिनीचं सामान बांधून ठेवा. घरात भाकरी थापाले माणूस नाही." भाऊ खाली मान घालून "बरं" म्हणाला.  संध्याकाळी गोदू काकूंच्या चुलीपुढे येऊन बसली आणि म्हणाली, "काकू, तिथं गेली की मी परत काही बाहेर येत नाही."

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी आंघोळ करून खोकं उघडलं. दोन दिवस लिहीत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला वाचून दाखवलं. वर 'मेमोरियल' म्हणून शब्द, म्हणजे सरकारदरबारी धाडायची नम्र विनंती. खाली सात पानं. त्यात एपिसल होतं, मिसिव्ह होतं, तिन्ही महिने होते. गोदूचं नाव पाचव्या पानावर आलं, तेही 'या नम्र विनंतीकर्त्याला कन्येसमान असलेली शोकग्रस्त तरुणी' अशा थाटात. मी विचारलं, "मास्तर, साहेबाले कळंल ना हे?" ते म्हणाले, "कळलंच पाहिजे असं नाही. वजन पडलं पाहिजे."

पाकीट बंद करण्याआधी चांगल्या कामाचा कागद म्हणून कुंकू लावायचं होतं. काकूंनी करंडा आणला आणि गोदूपुढे धरला. गोदू मागे सरकली. काकू म्हणाल्या, "अगं, कागदाले तर लावशील? कागदाले सारं चालते. तुझं काम आहे, तूच लाव." गोदूने चारी कोपऱ्यांना बोट टेकवलं. मी ओसरीवर उभा राहून उगाच तिकीट थुंकीने ओलं करत होतो, कारण डोळ्यांचं काही खरं नव्हतं. मग त्या काळ्या काठाच्या, कुंकू लावलेल्या सात पानांच्या पाकिटावर मीच शिक्का मारला.

बारा दिवस काही नाही. तेराव्या दिवशी सकाळी पट्टेवाला धावत पोस्टात आला. नवे साहेब दौऱ्यावर आले होते, मुक्काम डाकबंगल्यात, आणि त्यांना आबाजी मास्तरांचं घर पाहिजे होतं. मी टोपी घालून वाट दाखवायला निघालो. साहेब तरुण होता, लाल तोंडाचा. मास्तरांच्या दारात आल्यावर त्याने हॅट काढून छातीशी धरली आणि मान खाली घातली. सोबतच्या नायब तहसीलदारांनीही घाईघाईने पगडी सारखी केली.

"मास्टर," साहेब हळू आवाजात म्हणाला, "हमको बहुत दुख हुआ. कौन गुजर गया?"

मास्तरांनी मागे वळून पाहिलं, न जाणो, मागे कुणी गेलं असेल. तेवढ्यात काकू सरबताचे पेले घेऊन बाहेर आल्या. साहेबाने त्यांच्याकडे पाहिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. "मॅडम हैं! अच्छा, अच्छा. तो फिर कौन?"

"कोणीच नाही, सर," मास्तर म्हणाले. "घरात सारे खुशाल आहेत."

मग साहेबाने खिशातून ते पत्र काढलं आणि काळ्या काठावर बोट ठेवलं. आमच्यात घरात कुणी गेलं तरच असा कागद वापरतात, तो म्हणाला. वर्षभर, आणि फक्त त्याच घरात. नायब तहसीलदार रुमालात तोंड घालून खोकू लागले. मास्तर त्या कागदाकडे बघत राहिले. पत्राचे डझनभर शब्द पाठ असलेल्या माणसाला कागदच ठाऊक नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर इतकं सरळ उमटलं की मला हसू येता येता राहिलं.

साहेबाने कागद कुठून आणला ते विचारलं. लिलावाचं ऐकून त्याचाही आवाज उतरला. आधीच्या साहेबांची मुलगी बुलढाण्यातच तापाने गेली होती. साहेबांच्या बाईंनी हा कागद मुंबईहून मागवला. तो संपायच्या आत त्यांनी देश सोडला.

"कितीची होती?" मास्तरांनी विचारलं.

"छे साल की."

काकूंनी पेले खाली ठेवले. "अगं माय," एवढंच त्या म्हणाल्या. मास्तर आत गेले आणि खोकं घेऊन आले. दोन्ही हातांनी साहेबापुढे धरून म्हणाले, "सर, हे त्या बाईले पोचतं करा. अन् सांगा, एका अडाणी माणसानं यातले थोडे कागद वापरले. त्याले ठाऊक नव्हतं." कोशाशिवाय बोललेली ही त्यांची पहिली वाक्यं असतील.

साहेबाने खोकं पट्टेवाल्याकडे दिलं. मग दाराशी उभ्या असलेल्या गोदूकडे पाहून विचारलं, "ये आपकी बेटी? इसका हजबंड अभी गुजरा?"

इथे एक 'येस' म्हटलं असतं तर काम झालं असतं. साहेब विरघळलेलाच होता. काकू डोळ्यांनी नवऱ्याला तेच सांगत होत्या, आणि मीही. मास्तरांनी घसा साफ केला. "नाही सर. शेजाऱ्याची आहे. अन् नवरा जाऊन तिले तीन वर्षं झाली."

"अच्छा," साहेब म्हणाला. पत्र घडी करून खिशात ठेवलं. "देखेंगे."

सरकारच्या 'देखेंगे'चा अर्थ सांगायला कोश लागत नाही. साहेब गेल्यावर काकूंनी सरबताचे पेले एकेक करून मोरीत ओतले. "हो म्हणाले असते तर जीभ झडली असती काय?" त्या म्हणाल्या आणि पुढे आठ दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. मलाही मास्तरांचा राग आला होता. सात पानं कुणाला कळणार नाहीत अशी लिहायची, आणि ऐनवेळी खरं बोलायचं, हा कुठला न्याय? बरं, कोशात पाहावं तर एम अक्षराची शेवटची पानं, ज्यात 'मोर्निंग पेपर' म्हणजे हा सुतकी कागद असायला हवा होता, तीच वाळवीने खाल्लेली निघाली. मास्तरांनी मला ती जागा दाखवली. त्यात समाधान नव्हतं, नुसती दाखवली.

त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी ते ओसरीवर बसले, पण कुणाला "कोणतं?" विचारलं नाही. सांगितलं ते लिहून दिलं. लोक घाबरले. दोघाजणांनी माझ्याकडे येऊन विचारलं, "मास्तरची तब्येत बरी आहे ना?"

दुपारी गर्दी ओसरल्यावर ते माझ्या टेबलाशी आले. "डाकबाबू, एक साधा फुलस्केप द्या." मी दिला. ते टाक हातात घेऊन बसले, आणि थोड्या वेळाने म्हणाले, "साधं इंग्रजी कसं लिहितात हो?"

ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरोखर जमत नव्हतं. मी म्हणालो, "मास्तर, तार लिहिता तसं लिहा. शब्दाशब्दाले पैसे पडतात असं समजा." ते हसले नाहीत. संध्याकाळपर्यंत बसून त्यांनी पाच ओळी लिहिल्या. गोदावरी, वय बावीस, सहावी पास, हिला शिकवायचं आहे. दीर येत्या सोमवारी न्यायला येणार. शिफारस त्याआधी आली तर ही मास्तरीण होईल, नंतर आली तर उपयोग नाही. शेवटची ओळ आधीच्या कागदाबद्दल माफीची. खाली नुसतं नाव. इतकं उघडंबोडकं पत्र त्यांच्या हातून निघालेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि त्या दिवशीची थैली स्वतः डाकेच्या मोटारीपर्यंत नेऊन दिली.

रविवारी मोटार चार तास उशिरा आली. थैलीत गोदूच्या नावाचं सरकारी पाकीट होतं. रविवारी वाटप नसतं हा नियम मी त्या दिवशी विसरलो. आत शिफारस होती, आणि तिच्या कडेला साहेबाने स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहिलं होतं : मास्तरांना सांगावे की त्यांचे हे पत्र मला पहिल्याच वाचनात समजले.

मास्तरांनी तो शेरा तीनदा वाचला. "टोमणा मारून राह्यला काय हो तो?" त्यांनी विचारलं. काकू आतून ओरडल्या, "मारू द्या! मारू द्या!" आठ दिवसांनी त्या नवऱ्याशी बोलल्या त्या अशा.

सोमवारी पहाटेच्या मोटारीने भाऊ गोदूला घेऊन अमरावतीच्या वाटेला लागला. भावाला तयार कुणी केलं ते काकूंनाच ठाऊक. दहा वाजता महादूची गाडी आली. काकूंनी त्याला आंघोळीला पाणी दिलं, पोटभर जेऊ घातलं, बैलांपुढे कडबा टाकला, सुपारी दिली, आणि मग सांगितलं. तो सुपारी चघळत उठला आणि बैल गाडीला जुंपू लागला. आपल्या घरचं जेवलेल्या माणसाला आपल्यावर ओरडता येत नाही, हे काकूंना कोणत्याही पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात माझी मलकापूरला बदली झाली. शेवटच्या दिवशी मी नव्या बाबूला कपाटाच्या किल्ल्या समजावत होतो, तेव्हा थैली आली. सवयीने मीच उघडली. वरच एक पाकीट होतं, गोदूच्या त्या देखण्या अक्षरातलं, आणि नाव होतं आबाजी मास्तरांचं. शिक्का मारता मारता माझा हात थांबला. सात वर्षांत त्यांच्या नावाचं एकही पत्र माझ्या हातून गेलं नव्हतं. मूल नाही, भाऊबंद नाहीत, आणि ज्यांची पत्रं त्यांनी जन्मभर लिहिली त्यांना लिहिता येत नव्हतं. कुणी पाठवायचं? हे मला तोवर सुचलंच नव्हतं, आणि मी म्हणे डाकबाबू.

मास्तर ओसरीवरच होते. मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "कोणाले द्यायचं आहे?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच आहे, मास्तर."

 ते पेटी तिथेच सोडून पाकीट घेऊन घराकडे निघाले. काकूंसमोर फोडायचं असावं, पण रस्त्याच्या मधोमध त्यांचा धीर सुटला. तिथेच उभं राहून त्यांनी ते फोडलं आणि वाचायला लागले. मागून कडब्याने भरलेली बैलगाडी आली. गाडीवानाने कासरा ओढला, दोन हाका मारल्या, मग वैतागून ओरडला, "ओ मास्तर! बाजूले व्हा ना! बैल खोळंबून राह्यले!"

मास्तरांनी कागदावरची नजर उचलली नाही. एक हात वर केला.

"थांब बे जरा," ते म्हणाले. "मले पत्र आलं आहे."